तलावाचं पाणी हिरवं झालं तर: ओळखण्यापासून सूचना फलक लावून घेण्यापर्यंत

खानदेशात तलावाकडे पाय वळायला निमित्त लागत नाही. पोळ्याला बैल धुवायचे असतात, श्रावणात कानबाईला निरोप द्यायचा असतो, मग गणपती येतात, आणि मे महिन्यात तर पोरं दुपारभर पाण्यातच असतात. चांगदेवला, प्रकाशाला लोक श्रद्धेने स्नान करतात. जळगावचा मेहरूण, धुळ्याचा नकाणे, तोरणमाळचा यशवंत तलाव इथे घरचे सगळे मिळून फिरायला जातात. (ही नावं ओळखीची म्हणून घेतली. तिथलं पाणी विषारी आहे असा अर्थ काढू नका.) ‘पाणी खोल आहे, पोहू नये’ असा फलक बऱ्याच ठिकाणी दिसतो. ‘पाणी हिरवं आहे, हात लावू नका’ असा फलक मात्र क्वचितच दिसतो.

आमच्या गावाजवळच्या पाझर तलावाला हिरवी साय धरली, तेव्हा तो फलक लागेपर्यंत बऱ्याच टेबलांवरून फिरावं लागलं. कुणाकडे जायचं, काय सोबत न्यायचं, कोणत्या उत्तरावर समाधान मानायचं नाही, हे त्यात कळत गेलं. तुमच्या गावावर ही वेळ आली तर तुमचे दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

१. कोणतं शेवाळ, ते आधी समजून घ्या

पायरीवरचं घसरडं शेवाळ, पाण्यात तरंगणाऱ्या हिरव्या जटा, जलपर्णी या सगळ्यांचा त्रास होतो, पण हा लेख त्यांच्याबद्दल नाही. आपल्याला भीती आहे ती नीलहरित शैवालाची. याला शैवाल म्हणत असले तरी हे खरं तर जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. उन्हावर अन्न तयार करतात, आणि त्यातल्या बऱ्याच जातींच्या पेशीत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने त्या पाण्याच्या वर येऊन तरंगतात. मायक्रोसिस्टिस ही त्यातली आपल्या देशातल्या तळ्यांत नेहमी सापडणारी जात. ती मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करू शकते आणि ते यकृतावर घाला घालतं. काही जातींचं विष मज्जासंस्थेवर जातं.

त्यांना लागतं काय? ऊन, संथ पाणी, आणि फॉस्फरस-नायट्रोजन. ऊन आपल्याकडे कमी नाही. सांडपाणी, कपड्यांची पावडर, केळी आणि उसाच्या शेतातून वाहून आलेलं खत यातून बाकीचं मिळतं. ‘आमच्या गावात कारखानाच नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. हतनूरच्या धरणात तापीबरोबर बऱ्हाणपूरकडचं पाणी येतं आणि पूर्णेबरोबर विदर्भातलं. तलावात काय येतं हे तलावाच्या काठावर ठरत नाही.

दोन काळ जपायचे. पाऊस थांबून गाळ खाली बसतो आणि ऑक्टोबरचं ऊन तापतं तो एक. दुसरा फेब्रुवारीनंतरचा, पाणी आटत जातं तेव्हापासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत.

इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो. भातशेतीत नीलहरित शैवाल खत म्हणून वापरतात, स्पिरुलिनाच्या गोळ्या लोक घेतात, मग हे विषारी कसं, असं कुणीतरी विचारतंच. त्या वेगळ्या जाती आहेत, निवडून वाढवलेल्या. तलावात आपोआप माजलेल्या शैवालाची अशी निवड कुणी केलेली नसते. तीच जात एका महिन्यात निरुपद्रवी आणि पुढच्या महिन्यात विषारी असू शकते. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीही विष दिसत नाही. म्हणून साय दिसली की ती विषारीच धरून चालायचं.

२. पाणी बघायला शिका

सकाळी लवकर जा, वारा पडलेला असताना. रात्रभर संथ पाण्यात शैवाल वर येतं आणि सकाळी साय स्पष्ट दिसते. दुपारी वारा सुटला की ती ढवळून पाण्यात मिसळते किंवा एका काठाला जाऊन साचते. दुपारी पाणी बरं दिसलं म्हणून धोका गेला असं नाही. वारा ज्या बाजूला वाहतो तो काठ, भिंतीचा कोपरा, घाटाच्या पायऱ्यांची खाच या जागा आधी बघा. पोरं उतरतात ती जागाही बहुधा तीच असते.

काय दिसतं? आधी पाण्यात बारीक हिरवे कण, रवा टाकल्यासारखे. पुढे हिरवा ऑईलपेंट सांडल्यासारखा जाड थर. शैवाल मरू लागलं की काठाच्या दगडांवर फिकट निळसर, मोरपंखी रेघ उमटते आणि कुजका वास सुटतो. ती निळी रेघ दिसली तर अजिबात पुढे जाऊ नका, कारण पेशी फुटल्या की आतलं विष पाण्यात उतरतं. काठावर वाळलेली पापडीही बरेच दिवस विषारी राहते. कुत्री ती चाटतात.

घरच्या घरी दोन चाचण्या करता येतात. दोन्हीसाठी रबरी हातमोजे घाला.

काठीची चाचणी: लांब काठी सायीत बुडवून वर काढा. केसासारखे धागे लोंबले तर ते साधं शेवाळ. काठी रंगात बुडवल्यासारखी हिरवी झाली तर नीलहरित समजा.

बरणीची चाचणी: काचेची पारदर्शक बरणी पाऊण भरेल एवढं पाणी घ्या, झाकण अगदी घट्ट लावू नका, आणि रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा. सकाळी हिरवा भाग तळाशी बसला असेल तर बहुधा साधं शैवाल. वरच्या बाजूला हिरवं कडं धरलं असेल तर नीलहरित असण्याची दाट शक्यता. बरणीवर ‘विष, पिऊ नका’ अशी चिठ्ठी चिकटवायलाच हवी. घरात लहान मुलं असतील तर ही चाचणी सोडूनच द्या, काठीची पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेचा एक सोपा ठोकताळा असा, की गुडघाभर पाण्यात आपली पावलं दिसत नसतील आणि पाणी हिरवं असेल तर पोहू नये. आपल्याकडे पावसाळ्यात गाळानेच पावलं दिसत नाहीत, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये यावर विसंबू नका. आणि हे बघायला पाण्यात उतरायची गरज नाही, पायरीवरून किंवा बुडालेल्या दगडावरून अंदाज येतो.

३. फलकाची वाट न बघता काय पाळायचं

माणसांनी पाण्यात उतरायचं नाही, एवढं तर आलंच. मुलांच्या बाबतीत जास्त कडक राहा. खेळताना ती पाणी गिळतात, अंगाने लहान असतात, म्हणून तेवढ्याच पाण्यातलं विष त्यांना जास्त बाधतं.

गुरं, शेळ्या, कुत्री यांना दुसरीकडे पाणी पाजा. या विषाने जनावरं मरतात ही नोंद जुनी आहे. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं हिरवं पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, गुरं, कुत्री मेल्याचं लिहून ठेवलं आहे. पोळ्याला बैल धुवायचे तर हौदावर किंवा विहिरीच्या पाण्यावर धुवा. तलावात उभा केलेला बैल पाणी प्यायल्याशिवाय राहत नाही, आणि अंगाला लागलेली साय नंतर चाटतो ते वेगळंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथेच शहाणी माणसंही फसतात. उकळल्याने हे विष जात नाही. उलट पेशी फुटून विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटल्याने ते दाट होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन सापडलं, तेव्हा चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, आणि त्या सूचनेत उकळूही नका असं स्पष्ट लिहिलं होतं. आपल्याकडे आरोग्याची प्रत्येक सूचना ‘पाणी उकळून प्या’ अशीच संपते, म्हणून आजीला, आईला हे बसून समजावून सांगा. घरी तुरटी फिरवून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही भरवसा धरू नका. जलशुद्धीकरण केंद्रात शैवालाच्या पेशी अख्ख्या असतानाच गाळून काढतात आणि नंतर क्लोरिनची योग्य मात्रा ठरलेला वेळ देतात. ते काम माठात होत नाही.

मासे: मेलेले, तरंगणारे मासे उचलू नका. दाट साय असताना मासे खाणं टाळलेलंच बरं. कुणी खाणारच असेल तर आतडी, यकृत पूर्ण काढून टाकायचं आणि मांस स्वच्छ पाण्याने धुवायचं, कारण विष आतडी-यकृतातच जास्त साठतं. हे पाणी तुषार सिंचनाने मेथी, पालक, कोथिंबिरीवर मारू नका.

४. पाण्यात जाऊन आलात तर

लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. कुत्रा असेल तर त्याने अंग चाटायच्या आत त्याला धुवा.

अंगावर पुरळ, डोळ्यांची आग, उलट्या, जुलाब, पोटात दुखणं, डोकेदुखी, ताप ही लक्षणं काही तासांत दिसू शकतात, कधी एकदोन दिवसांनी. या विषावर उतारा नाही, लक्षणं बघून उपचार होतात. पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) असतोच, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात शैवाल येईलच असं नाही. तुम्ही स्वतः सांगा: ‘अमुक दिवशी हिरव्या पाण्यात गेलो होतो, पाणी तोंडात गेलं होतं.’ केसपेपरवर ते लिहून घ्या. हातपाय लुळे वाटणं, श्वास जड होणं, डोळे पिवळे होणं यातलं काही दिसलं तर १०८ लावा. सल्ल्यासाठी १०४ आहे.

जनावर लाळ गाळू लागलं, लडखडलं, पडलं तर १९६२ वर पशुवैद्यकीय मदत मागा. मेलंच तर घाईने पुरू नका, आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्या. तो अहवाल पुढे अर्जाला जोडता येतो, आणि त्याने अर्जाला वजन येतं.

५. तलाव कुणाचा, हे आधी शोधा

यावरच सगळं अडतं. चुकीच्या कार्यालयात अर्ज दिला की ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढंच ऐकून परतावं लागतं. आमचा अर्ज असाच एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरला. साधारण वाटणी अशी:

- मोठी आणि मध्यम धरणं (हतनूर, वाघूर वगैरे): जलसंपदा विभाग. आपल्याकडे तापी पाटबंधारे विकास महामंडळ, मुख्य कार्यालय जळगावला.
- पाझर तलाव, गावतळी, लहान बंधारे: जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे किंवा राज्याचा मृद व जलसंधारण विभाग. कोणत्या तलावाचं काय, ते ग्रामसेवक किंवा तलाठी सांगतील.
- शहरातले तलाव: महापालिका किंवा नगरपालिका.
- वनहद्दीतलं पाणी: वन विभाग.

मालक कुणीही असो, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला एकाच दिवशी कळवा. पाण्याच्या प्रदूषणासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्रत द्या, त्यांचं उपप्रादेशिक कार्यालय जळगावला आहे. त्या तलावातून नळाला पाणी येत असेल तर पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला आधी फोन करा आणि अर्ज नंतर द्या.

६. अर्जासोबत काय लागतं

- साध्या कागदावरचा अर्ज, तीन-चार प्रती. तलावाचं नाव, गाव, शिवार, साय कधीपासून दिसते, कोणत्या काठाला.
- फोटो, तारीख-वेळ आणि ठिकाण उमटलेले. एक लांबून, एक जवळून, एक काठीच्या चाचणीचा.
- कुणी आजारी पडलं असेल तर केसपेपरची झेरॉक्स, त्या माणसाची परवानगी घेऊन.
- जनावर दगावलं असेल तर शवविच्छेदन अहवाल किंवा पंचनामा.
- ग्रामपंचायतीचा ठराव, मिळाला तर. नाही मिळाला तर त्यासाठी अर्ज थांबवू नका.

मागणी नेमकी लिहा. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलं की कार्यवाही होत नाही. लिहा: ‘१) तात्काळ सूचना फलक लावावा, २) पाण्याचा नमुना घेऊन शैवालाची जात आणि मायक्रोसिस्टिन तपासावं, ३) अहवालाची प्रत द्यावी.’ आवक क्रमांक टाकून पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढचा प्रत्येक फोन त्या क्रमांकावर चालतो. आपले सरकार पोर्टलवरही तक्रार टाका.

७. नमुना आणि ‘पाणी चांगलं आहे’ असा अहवाल

नमुना शक्यतो अधिकाऱ्यांनीच घ्यावा. तुम्हाला घ्यावा लागला तर काचेची स्वच्छ बाटली, वर थोडी जागा सोडून भरलेली, काळ्या कापडात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ लिहा. शैवालाची जात ओळखायला वनस्पतिशास्त्र विभाग असलेलं जवळचं कॉलेज फार उपयोगी पडतं. तिथल्या प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहून दिलेल्या चार ओळीही अर्जाला जोडता येतात. मायक्रोसिस्टिनची चाचणी सगळ्या प्रयोगशाळांत होत नाही, आधी फोन करून विचारा.

आता अहवाल कसा वाचायचा. गावात जलसुरक्षक पाणी तपासतात ते प्रामुख्याने जंतूंसाठी. एच-टू-एसची (जंतू असतील तर काळी पडणारी) बाटली काळी झाली नाही, याचा शैवालाच्या विषाशी काही संबंध नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्नानयोग्य, म्हणजे ‘ब’ वर्गाच्या पाण्यासाठी चार गोष्टी बघतात: कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरला ५०० किंवा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅम किंवा कमी. यात शैवालाच्या विषाचा रकानाच नाही. शिवाय शैवाल उन्हात ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी घेतलेल्या नमुन्यात ऑक्सिजन उत्तम दिसतो. पहाटे तोच इतका खाली जातो की मासे मरतात. म्हणून नमुना किती वाजता घेतला हे अहवालावर असायलाच हवं. दुपारी सामू ९ च्या आसपास दिसला तर ती शैवाल माजल्याची खूण असू शकते, तिकडे बोट दाखवा.

आकड्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा जवळ ठेवा. मायक्रोसिस्टिन पोहण्याच्या पाण्यात लिटरला २४ मायक्रोग्रॅमपर्यंत. पिण्याच्या पाण्यात थोड्या दिवसांसाठी १२ आणि कायमसाठी १.

८. फलकावर काय लिहायचं

कार्यालयाचा फलक यायला वेळ लागतो. ग्रामपंचायत तोवर फ्लेक्स लावू शकते. ‘सावधान, प्रदूषित पाणी’ एवढ्याने कुणी थांबत नाही, लोकांना आता सवय झाली आहे. काय करू नये ते सरळ लिहा:

*पाण्यावर हिरवी साय आहे. ती विषारी असू शकते. पोहू नका. मुलांना उतरू देऊ नका. गुरांना पाजू नका. मेलेले मासे उचलू नका. हे पाणी उकळूनही पिऊ नका.*

खाली तारीख, लावणाऱ्याचं पद आणि आरोग्य केंद्राचा फोन. तारीख नसलेला फलक पुढच्या वर्षीही तिथेच असतो आणि मग त्यावर कुणाचाच विश्वास राहत नाही.

धुळे-जळगावकडे एक ओळ अहिराणीत टाका: ‘पानी हिरवं शे, पानीमा उतरू नका, ढोरेसले पाजू नका.’ सातपुड्याच्या पायथ्याला पावरी-भिलीत कुणाकडून तरी लिहून घ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी पोहणारा माणूस, गाय आणि कुत्रा यांच्या चित्रांवर लाल फुली मारा. जमत असेल तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यासारखे तीन टप्पे करा: सावधगिरी, इशारा, धोका. तिथे मायक्रोसिस्टिन ०.८, ६ आणि २० मायक्रोग्रॅमला हे फलक बदलतात. आपल्याकडे एवढी तपासणी नसेल, तर पाणी हिरवं असताना ‘इशारा’ आणि साय धरली की ‘धोका’, एवढं पुरे.

फलक घाटावर, गुरांच्या वाटेवर आणि मासेमारीच्या जागी, तिन्हीकडे लावा. शाळेच्या परिपाठात सांगायला लावा. मच्छीमार सोसायटीच्या लोकांना स्वतः भेटा. रोज पहाटे पाण्यावर तेच असतात, साय कधी आली आणि कुठे सरकली हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दवंडी अजूनही चालते.

९. मोरचूद टाकू देऊ नका

फलक लागला की कुणीतरी पुढे येतो: ‘दोन पोती मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, उद्या पाणी निवळ.’ पाणी निवळेल, पण सगळ्या पेशी एकदम फुटून आतलं विष पाण्यात येईल. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर धरणातलं शैवाल मारायला मोरचूद वापरलं, आणि नंतर १४८ लोक आजारी पडले, बहुतेक सगळी मुलं होती. मोरचुदाने मासेही मरतात आणि तांबं गाळात साठून राहतं. कुणी टाकणार असं कळलं तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या.

लांबचा उपाय म्हणजे तलावात येणारं सांडपाणी आणि खताचं पाणी अडवणं. निर्माल्य आणि मूर्तींसाठी वेगळा कुंड करणं लगेच जमतं, तिथून सुरुवात करा.

१०. फलक कधी काढायचा

साय गेली त्या दिवशी नाही. ती खाली बसलेली किंवा दुसऱ्या काठाला गेलेली असू शकते, आणि पेशी मेल्या तरी विष पाण्यात काही दिवस ते काही आठवडे टिकतं. चाचणी होत असेल तर आठवड्याच्या अंतराने दोनदा कमी आकडा आल्यावर काढा. होत नसेल तर दोन आठवडे रोज सकाळी सगळे काठ बघा, सलग स्वच्छ दिसले आणि काठावरची वाळलेली पापडी उचलून खड्ड्यात पुरली, की मगच. पापडी उचलणाऱ्याला हातमोजे आणि तोंडाला रुमाल द्या. मोठा पाऊस येऊन तलाव सांडव्यावरून वाहिला तर पाणी बदलतं, तरीही आधी एकदा सकाळी जाऊन बघा. फलक काढताना काढल्याची तारीख ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवा, पुढच्या ऑक्टोबरला कधीपासून लक्ष ठेवायचं ते त्यावरून ठरवता येईल.